उन्हाळी फुले आणि त्यांची मराठी नावे
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जबलपूरच्या उन्हाळ्याची ख्याती फारशी चांगली नाही. एप्रिलच्या मध्यापासून सकाळी दहा वाजता घरोघरच्या खिडक्या मिटतात, कूलरमध्ये पाणी भरले जाते, वाळ्याचे पडदे ओले होतात आणि दुपारभर रस्त्यांवर ‘लू’ वाहू लागते. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर जाणे ही येथे बातमी ठरत नाही. अशा दिवसांत बाहेर पाहण्यासारखे काही असते, असे सहसा कोणाला वाटत नाही. फुलांचा ऋतू म्हटला की वसंत आठवतो, फार तर श्रावण. ग्रीष्म म्हणजे घाम, आंबा आणि शाळेची सुटी, एवढ्यावर विषय संपतो.

जुन्यांची दृष्टी निराळी होती. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चा आरंभच ग्रीष्मापासून होतो, आणि ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत नटी जे गीत गाते तेही ग्रीष्माचे, त्यात कानांत शिरीषाची फुले माळणाऱ्या स्त्रिया आहेत. शिरीष आजही जबलपूरच्या रस्त्यांच्या कडेला उभा आहे आणि आजही एप्रिल-मेमध्येच फुलतो. फिकट हिरवट पिवळ्या तंतूंचे त्याचे झुबके इतके नाजूक असतात की हातात घेतल्यावर तासाभरात मलूल होतात. त्याचा सुगंध रात्री व पहाटे असतो. दहा वाजता मोटारीत बसून कचेरीला निघालेल्या माणसाला हा शिरीष फुलला आहे याचा पत्ताही लागत नाही.

मग तो कोणाला लागतो? दूधवाल्याला लागतो, वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाला लागतो, आणि ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला लागतो. शेवटच्या मंडळींचा उल्लेख काही जणांना विनोदी वाटेल. पण आजच्या विषयाचे मूळ तेथेच आहे.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घर्मग्रंथी त्याच्या मुख्यतः पंजांच्या तळव्यांना असतात, आणि शरीरातील उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे तळवे पोळतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला नेऊ नये, हा साधा नियम पशुवैद्य सांगतात. म्हणून जबलपुरात मार्च सरला की कुत्रा पाळणाऱ्या घरातील कोणाला तरी पहाटे साडेपाचच्या आत उठावेच लागते, आणि दुसरी फेरी दिवेलागणीनंतर काढावी लागते. उन्हाळी फुलांच्याही या दोनच वेळा आहेत. बकुळ पहाटे गळते, मोहाची फुले पहाटे झडतात, कडुनिंबाचा मोहोर पहाटेच्या गारव्यात दरवळतो. मोगरा, मधुमालती आणि रातराणी दिवेलागणीला उमलतात. दुपारच्या उन्हात फुलेही, कुत्राही आणि शहाणी माणसेही निवांत असतात.

दुसरी गोष्ट चालीची. आरोग्यासाठी फिरणारा मनुष्य भरभर चालतो, घड्याळ पाहतो, पावले मोजतो. रिज रोडवर सकाळी अशी मंडळी मोठ्या संख्येने दिसतात आणि ते चांगलेच आहे. परंतु कुत्र्याबरोबर निघालेल्याची चाल त्याची स्वतःची नसते. कुत्रा प्रत्येक बुंध्याशी थांबतो, हुंगतो, मागे वळतो, पुन्हा हुंगतो. धनी तेवढा वेळ साखळी धरून उभा. उभे राहिल्यावर करायचे काय? माणूस वर पाहतो. झाडाखाली कुत्रा हे चित्र मराठी मनाला तसे परके नाही. औदुंबराखाली उभ्या असलेल्या दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री घरोघरच्या तसबिरीत आहेत. त्या औदुंबराचे फूल मात्र कोणी पाहिलेले नसते. मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणजे दुर्मीळ दर्शन. आणि वाक्प्रचारामागची वस्तुस्थिती तंतोतंत खरी आहे, कारण उंबराची शेकडो बारीक फुले त्या फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात, आणि एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरून त्यांचे परागण करते.

राइट टाऊन, नेपियर टाऊन, सिव्हिल लाइन्स आणि छावणीचा भाग या जबलपूरच्या जुन्या वस्त्यांतून अशी एक फेरी काढली तर काय दिसते, ते पाहू.

मार्च संपताना पळस ओसरलेला असतो. मदनमहालच्या टेकडीवर, गोंड राजांच्या त्या छोट्या गढीच्या वाटेवर, काळ्या प्रचंड शिळांमधून पळसाचे केशरी झेले होळीच्या सुमारास दिसतात. एप्रिलात तेथे चपट्या शेंगा लोंबू लागतात. वस्तीत त्या वेळी कडुनिंब फुलतो. गुढीपाडव्याला त्याचा पाला गुळाबरोबर खाणाऱ्या किती घरांनी त्याचे फूल निरखून पाहिले असेल? पाच पाकळ्यांचे, पांढुरके, ज्वारीच्या दाण्याएवढे ते फूल. पण झाड बहरले की संपूर्ण गल्ली मधाच्या वासाने भरून जाते. पाठोपाठ करंज येतो आणि त्याच्या गळलेल्या जांभळट पांढऱ्या फुलांचा सडा पायाखाली भाजलेल्या लाह्यांसारखा पसरतो. झाडूवाल्यांना करंज आवडत नाही, हे खरे.

बकुळीसाठी फार शोधावे लागत नाही. भंवरताल उद्यानात एक मौलश्रीचे झाड आहे. पुढे ओशो या नावाने जगभर प्रसिद्ध झालेले रजनीश जबलपुरात विद्यार्थी असताना, २१ मार्च १९५३ रोजी, त्या झाडाखाली आपल्याला ज्ञानप्राप्ती झाली असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्यामुळे ते झाड पाहायला दूरदूरचे लोक येतात. पण मौलश्री म्हणजेच बकुळ, ज्या बकुळीचे वळेसर आजी केसांत माळत असे आणि जिची वाळलेली फुले वहीच्या पानांत महिनोन्‌महिने सुवास धरून राहतात तीच ही, हे शहरातल्या बहुतेक मराठी मुलांना ठाऊक नसते. एकच झाड दोन नावांनी दोन झाडे झाले आहे. या मुद्द्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

एप्रिलच्या अखेरीस बहावा फुलतो, आणि तो फुलल्यावर दुसऱ्या कशाचे वर्णन करणे अवघड होते. पाने जवळजवळ झडलेली, गेल्या वर्षीच्या हातभर लांब काळ्या शेंगा अजून लोंबताहेत, आणि त्यांच्यामधून पिवळ्याधमक फुलांचे घोस खाली ओघळताहेत. शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागते, म्हणून जुने फळ आणि नवे फूल एकाच वेळी दिसते. एक फूल हाती घेऊन विद्यार्थ्यांनी त्यातले पुंकेसर मोजावेत. ते दहा भरतात, पण सारखे नसतात: तीन लांब, धनुष्यासारखे वळलेले, चार आखूड, आणि तीन अगदीच बारीक. भुंगा आखूड केसरांतला पराग खाण्यासाठी येतो, पंख थरथरवून गुणगुणतो, आणि तेवढ्यात लांब केसर त्याच्या पाठीवर पराग टाकतात. भुंग्याने खायचा शिधा वेगळा आणि पुढच्या फुलाकडे पोहोचवायचे टपाल वेगळे, अशी ही व्यवस्था आहे. बहावा फुलल्यावर दीड महिन्याने पाऊस येतो अशी लोकसमजूत आहे. जबलपुरात मोसमी पाऊस जूनच्या उत्तरार्धात येतो, म्हणजे हिशेब पुष्कळदा जुळतो. मात्र बहावा हवामान खात्याचा नोकर नाही, आणि चुकला तर त्याला दोष देऊ नये.

गंमत अशी की साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या जिवालाही बहाव्याचा पिवळा रंग दिसतो. कुत्र्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, माणसाच्या तीन. त्याला निळा आणि पिवळा कळतो, लाल आणि हिरवा यांत फरक कळत नाही. शेजारचा गुलमोहर, ज्याने सगळा रस्ता पेटवून दिला आहे असे धन्याला वाटते, तो कुत्र्याच्या लेखी मळकट झाडांपैकी एक असतो. त्याची तक्रार नसते. त्याला त्या बुंध्यावर रात्रीतून कोण कोण येऊन गेले ते वाचायचे असते.

इतक्या कडक उन्हात, जमीन भेगाळलेली असताना, झाडे फुलण्याचा खर्च का करतात, हा प्रश्न शाळेत विचारला गेला पाहिजे. महाकोशलचे मूळ जंगल पानझडीचे आहे. येथील बहुतेक झाडे फेब्रुवारी ते एप्रिल पाने टाकतात, कारण पानांतून पाणी उडते आणि पाणी तर उरलेले नसते. पाने गेल्यावर फांदीवरचे फूल पक्ष्यांना, भुंग्यांना, वटवाघळांना दुरून दिसते. शिवाय आत्ता फुलले तर पुष्कळांचे बी पावसाच्या तोंडावर तयार होते. ओल्या जमिनीत पडलेल्या बीला रुजण्यासाठी पुढचे तीन-चार महिने मिळतात. पळसाचे बी मे-जूनमध्ये पडते, मोहाचे आणि कडुनिंबाचे पावसाच्या आगेमागे. उन्हाळ्यातील फुलोरा ही पावसाची पूर्वतयारी आहे. माणसेही याच दिवसांत पापड, कुरडया आणि लोणची घालतात, ते काही वेगळ्या हिशेबाने नाही.

रस्त्यावरून बंगल्यांच्या कुंपणांकडे वळले की वेगळीच सृष्टी भेटते. येथील बरीच झाडे मूळची येथील नाहीत. गुलमोहर मॅडागास्कर बेटावरचा. एकोणिसाव्या शतकात तो भारतात आला आणि आज त्याच्यावाचून भारतीय उन्हाळ्याचे चित्रच पुरे होत नाही. निळ्या-जांभळ्या फुलांचा नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला. कागदी फुलांची बोगनवेलही तिकडचीच. बूगँव्हील नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात त्याच्या गलबतावरील वनस्पतिशास्त्रज्ञाला ती १७६७ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर भेटली आणि कप्तानाचे नाव वेलीला चिकटले. देवळाच्या आवारात शोभणारा, निष्पर्ण फांद्यांच्या टोकाला फुलणारा देवचाफा उष्ण अमेरिकेतला. कुंडीत, गटारीच्या कडेला, भिंतीच्या फटीत कुठेही उगवणारी सदाफुली पुन्हा मॅडागास्करची. तिच्यापासून मिळणारी द्रव्ये रक्ताच्या कर्करोगावर औषध म्हणून दिली जातात, हे कळल्यावर तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते. मधुमालती पूर्वेकडून, ब्रह्मदेशाच्या बाजूने आली. कोणीही या झाडांना परदेशी म्हणत नाही. त्यांनी येथील माती, येथील पाणी आणि येथील ऊन स्वीकारले. येथील माणसांनी त्यांना आपली नावे दिली.

जबलपूरच्या मराठी माणसांची कथा याहून फार निराळी नाही. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती आले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१७ च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. तेव्हापासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग येथेच एकमेकांना मिळाले. १९०४ मध्ये तोफगाडा कारखाना निघाला. रेल्वे, कारखाने, न्यायालये, शाळा-महाविद्यालये यांतील नोकऱ्यांसाठी विदर्भातून आणि त्याही पलीकडून मराठी कुटुंबे येत राहिली. येताना त्यांनी पोथ्या आणल्या, पितळेची भांडी आणली, आणि पुष्कळांनी रोपेही आणली असतील. निदान झाडांची नावे तर नक्कीच आणली.

ती नावे आता हातची निघाली आहेत, आणि या व्याख्यानाचा खरा विषय तो आहे. असे समजावे की निवृत्त झालेले एक आजोबा कुत्र्याला घेऊन निघाले आहेत आणि सुटीमुळे नातही बरोबर आहे. एका फाटकापाशी ती थांबते.

“आजोबा, हे अमलतास आहे ना?”

“हो. आपण त्याला बहावा म्हणतो.”

“आणि ते लाल, गुड़हल?”

“जास्वंद. गणपतीला वाहतो ती.”

“ती जास्वंद? आई तर गुड़हल म्हणते.”

आईचे काहीच चुकत नाही. बागेत येणारा माळी ‘गुड़हल’ म्हणतो, रोपवाटिकेत ‘गुड़हल’ लिहिलेले असते, शेजारीण देवपूजेसाठी ‘गुड़हल’ मागते. पारिजातक हरसिंगार झाला, सावर सेमल झाली, कण्हेर कनेर झाली, कांचन कचनार झाला. हिंदी नावांत काही उणे नाही. ‘हरसिंगार’ हा शब्द किती देखणा आहे! ती नावे मुलांना यायलाच हवीत, हे गाव त्या भाषेचे आहे. दुःख एवढेच की दुसरे नाव पुस्तकात राहते. मराठीच्या तासाला ‘बकुळीचा गजरा’ हे शब्द वाचणाऱ्या मुलीला बकुळ म्हणजे कवितेतले एखादे काल्पनिक फूल वाटते, आणि शाळेच्या वाटेवर तिच्या चपलेखाली तेच फूल चिरडत असते. शब्दकोशात अर्थ दिलेला असतो, ‘एक सुवासिक फुलांचे झाड’. त्या अर्थाने फारसे काही कळत नाही. झाडाखाली उभे राहून कोणी तरी बोट दाखवावे लागते.

मराठीत दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आहे. एकेका मराठी महिन्याला एकेक लेख असे ते पुस्तक वरच्या वर्गांत आवर्जून वाचवून घ्यावे. पण वाचनाला चालण्याची जोड नसेल तर तेही पुस्तक परीक्षेपुरते उरेल. जबलपुरात वनस्पतींच्या अभ्यासाची साधने थोडीथोडकी नाहीत. राज्य वन संशोधन संस्था १९६३ पासून, कृषी विश्वविद्यालय १९६४ पासून आणि मंडला मार्गावरील उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ पासून येथे काम करीत आहे. एवढी विद्या ज्या गावात एकवटली आहे तेथील मुलांना दारापुढच्या झाडाचे नाव एकाही भाषेत सांगता येऊ नये, हे नवलच. हल्ली मोबाइलने पानाचे छायाचित्र घेतले की शास्त्रीय नाव हजर होते. सोय चांगली आहे. मात्र मोबाइल जास्वंद गणपतीला वाहतात असे सांगत नाही, आणि ताम्हण हे पूजेतले भांडेही असते व महाराष्ट्राचे राज्यपुष्पही, हे त्याला विचारल्याशिवाय तो बोलणार नाही.

नावांच्या आधी खुद्द बागाच जात आहेत, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या वस्त्यांतील बंगला म्हणजे मधोमध घर आणि चहूबाजूंनी अंगण, विहीर, दोन आंबे, एक पेरू, तुळशीवृंदावन, कुंपणाला मेंदी. भावंडांत वाटण्या झाल्या, घर सांभाळायला कोणी उरले नाही, आणि त्या जागी चारमजली इमारत उभी राहिली. कोणाला दोष द्यावा अशी ही गोष्ट नाही. ज्याला चार खोल्या हव्यात त्याने पेरूच्या झाडाकडे पाहून मुलाबाळांना बाहेर झोपवावे असे कोण म्हणेल? तरी मोकळ्या जागेचे मोल या शहराला एकदा फार कठोरपणे कळलेले आहे. २२ मे १९९७ रोजी पहाटे सव्वाचारच्या पुढे जबलपूरची जमीन हादरली. भर उन्हाळ्याचे दिवस. माणसे झोपेतून उठून घराबाहेर पळाली ती अंगणात, बागेत, मैदानात, झाडांखाली. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत अशी अनेक मंडळी या सभागृहात असतील.

उरलेल्या झाडांचेही हाल आहेत. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांपर्यंत फरशी आणि सिमेंट भरलेले दिसते. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि एखाद्या वादळात उंच शिरीष आडवा झाला की लोक झाडालाच कमजोर ठरवतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्या फाटकापुढच्या झाडाभोवती हातभर माती मोकळी ठेवण्यासाठी मात्र कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहाटे कुत्र्याला घेऊन निघणाऱ्याच्या हे सर्वांत आधी लक्षात येते, कारण कुत्रा नेमका तेथेच थांबतो.

याच शहराच्या एका जुन्या बागेची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे इतिहासात गाजलेला इंग्रज अंमलदार स्लीमन जबलपुरात होता. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने या भागातील एक रीत नोंदवली आहे. आमराई लावणाऱ्याने बागेतील एका आंब्याचे लग्न लावल्याखेरीज त्या आमराईचे फळ चाखायचे नाही. आंबा हा नवरदेव, आणि वधू बहुधा शेजारची चिंच. तुळशीचे लग्न लावणाऱ्या मराठी घराला यात नवल वाटू नये. छावणी आणि शहर यांच्या मधोमध बरजोरसिंह नावाच्या वृद्ध गृहस्थाची आमराई होती. झाडे लावणे, ती जगवणे, पक्क्या विहिरी आणि भिंती बांधणे यांतच त्याचा पैसा संपला. लग्नाला उरला नाही. १८३३ मध्ये एका झाडाला फळ धरले. मुले त्या फळाची तारीफ करीत होती, आणि म्हातारा-म्हातारी ते तोंडाला लावू शकत नव्हती. पुढचा हंगाम आपल्याला दिसेल की नाही या धास्तीने त्यांनी दागिने विकले, मिळेल तेवढे कर्ज काढले आणि आमराईचे लग्न थाटात लावले. जून १८३४ मध्ये दोघांनी आपल्या बागेचा आंबा चाखला. किती ब्राह्मण जेवले असे स्लीमनने विचारले तेव्हा बरजोरसिंहाने सुस्कारा टाकून सांगितले की दीडशेच.

पण या हकीकतीतला सर्वांत बोलका भाग पुढे आहे. स्लीमनला नवरदेव आंबा दिसला, वधू दिसेना. बागेत चिंच एकच होती, ती लग्नाआधीच मेली होती. म्हणून आंब्याला चमेलीची वेल करून दिली होती. दोघांवर एकच मांडव घालता यावा म्हणून ती आंब्याच्या शेजारी लावली होती. समारंभ झाला, आणि नंतर माळ्याने तिच्याकडे लक्ष दिले नाही. ती सुकून गेली.

दागिने विकून लग्न लावणाऱ्या माणसाची वेल पाण्यावाचून गेली. शाळाशाळांतून वृक्षारोपणाचे कार्यक्रम होतात. फीत, फावडे, छायाचित्र, टाळ्या. रोप पुढच्या मे महिन्यात कोणी पाहायचे, याचा उल्लेख कार्यक्रमपत्रिकेत नसतो. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या आवारात रोपे लावली जाणार आहेत असे समजते. त्यांना पाणी कोणत्या वर्गाने, कोणत्या वारी, किती वाजता घालायचे हेही त्याच पत्रिकेवर छापले गेले तर बरे होईल. उन्हाळ्याच्या सुटीत कोण घालणार, हे तर आधी ठरवावे.

संध्याकाळच्या फेरीबद्दल थोडे राहिले आहे. दिवेलागणीनंतर फुललेली फुले बहुधा पांढरी असतात, कारण अंधारात पतंगांना पांढरा रंग आणि वास एवढाच मार्ग सापडतो. मोगऱ्याची कळी सांजवेळी उमलते, म्हणून गजरेवाला तिची कळीच खुडतो. मधुमालतीचे फूल पाहण्यात मुलांची एक संध्याकाळ आणि पुढचे दोन दिवस आनंदात जातील: उमलताना पांढरे, दुसऱ्या दिवशी गुलाबी, नंतर लाल. पांढरे असताना रात्रीचे पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसाची फुलपाखरे आणि मधमाश्या. एक सावधगिरी मात्र हवी. कुंपणाची कण्हेर आणि पिवळ्या घंटेसारख्या फुलांची बिट्टी ही दोन्ही झाडे अंगोपांगी विषारी आहेत. कुत्र्याला त्यांची पाने किंवा फळे चघळू देऊ नयेत, आणि लहान मुलांनी बिट्टीच्या बियांशी खेळताना हात तोंडात घालू नये.

शेवटी एक सोपे काम. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास कडुनिंबाखाली पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा पडतो. हिंदीत ती निबौरी, मराठीत लिंबोळी. पिकलेली वेचावी, गर धुऊन काढावा, बी एक-दोन दिवस सावलीत वाळवावे आणि लगेच पिशवीत किंवा मोकळ्या मातीत पेरावे. लिंबोळीचे बी साठवून टिकत नाही. काही आठवड्यांतच त्याची रुजण्याची शक्ती जाते. पहिला पाऊस झाला की त्याच आठवड्यात पेरणी उरकावी.